हाक थांबली की वाजणारी घंटा

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



‘शाळेची साठ वर्षांची वाटचाल’ या विषयावर मी बोलावे, असे समितीने सुचविले होते. परंतु ती वाटचाल माझ्यापेक्षा अधिक पाहिलेली मंडळी समोर बसली आहेत आणि त्यांचे लेख स्मरणिकेत येणारच आहेत. म्हणून समितीची क्षमा मागून मी आज एका लहानशा वस्तूविषयी बोलणार आहे. बाहेर विज्ञानदालनात, धूर सोडणाऱ्या ज्वालामुखीच्या शेजारी, साबणाच्या डब्यांत बसविलेली दोन यंत्रे ठेवली आहेत. ज्वालामुखीपाशी गर्दी आहे, डब्यांपाशी कोणी थांबत नाही. मी मराठीची एम. ए., विजेची तार हातात धरायला भिणारी. तेव्हा सांगण्यात काही उणे राहिले तर येथील जाणकारांनी ते सांभाळून घ्यावे.

या डब्यांची गोष्ट माझ्या एका चुकीपासून सुरू होते. मला या शाळेत लागून दुसरेच वर्ष होते. चौथीचा वर्ग घेऊन मी ग्वारीघाटावर गेले होते. मुले बत्तीस. नावेत बसविताना मोजली, पैलतीरावर गुरुद्वाराच्या बाजूला उतरविताना मोजली, परत येताना पुन्हा मोजली. प्रत्येक वेळी बत्तीस भरली. मग घाटाच्या पायऱ्यांवर सर्वांनी डबे खाल्ले, हात धुतले आणि आम्ही रस्त्याकडे निघालो. तेथे मोजली तेव्हा एकतीस. आपण चुकून स्वतःलाच मोजले नसेल ना, असा वेडा विचारही त्या क्षणी मनात येऊन गेला. समोर नर्मदा वाहत असताना एक मूल कमी भरणे म्हणजे काय, हे ज्यांनी मुले सांभाळली आहेत त्यांना सांगावे लागणार नाही. एका नावाड्याने दोनदा पाण्यात बुडी मारून पाहिले. चाळीस मिनिटांनी ती मुलगी सापडली. आम्ही जेवलो त्याच पायरीवर, एका छत्रीच्या आडोशाला, कोणीतरी विसरलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या राखत ती शांतपणे बसली होती. तेव्हापासून सहलीला निघताना मी मुले तीनदा मोजते, आणि माझी ही सवय येथील बहुतेक माजी विद्यार्थ्यांच्या थट्टेचा विषय आहे, हे मला ठाऊक आहे.

ग्वारीघाटावरील गर्दी तुम्हांला नवी नाही. माघ शुद्ध सप्तमी म्हणजे आपल्या घरांत रथसप्तमी; अंगणात गोवरीवर दूध उतू जाते, संक्रांतीपासून चाललेल्या हळदीकुंकवाचा तो शेवटचा दिवस. त्याच दिवशी नर्मदा जयंती. सकाळचे दूध उतू गेले की संध्याकाळी दिवे सोडायला मराठी घरेही घाटावर निघतात. दोण्यांतील दिवे, चुनरी, आरतीचे कर्णे आणि त्या कर्ण्यांवरून मधूनमधून ऐकू येणारी सूचना : अमुक रंगाचा सदरा घातलेला, नाव सांगता न येणारा मुलगा मंचाजवळ आहे. प्रयागच्या माघ मेळ्यात १९४६ साली राजाराम तिवारी यांनी ‘भूले भटके शिबिर’ सुरू केले आणि पुढे आयुष्यभर ते हेच काम करीत राहिले. मूल हरविल्यावर ते सापडावे कसे, याचा त्यांनी विचार केला. आपल्या नववीच्या मुलांनी विचारलेला प्रश्न त्याच्या थोडा अलीकडचा होता : मूल हरवते आहे, हे आईला कळावे केव्हा?

या प्रश्नाला जोड मिळाली ती नाशिकच्या एका उदाहरणाची. २००३च्या नाशिक कुंभमेळ्यात चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसे गेली. पुढे मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेतील एमआयटीत संशोधन करणारे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने तेथे ‘कुंभथॉन’ नावाचा उपक्रम झाला. त्या वातावरणात नाशिकच्याच एका शाळकरी मुलाने ‘आशिओतो’ ही चटई तयार केली. आशिओतो हा जपानी शब्द, अर्थ पावलांचा आवाज. चटईवरून किती पावले गेली ते मोजून, गर्दी कोठे दाटते आहे हे ती कळविते. २०१५च्या कुंभात ती वापरून पाहिली गेली. आमच्या विज्ञानशिक्षकांनी हे वर्गात सांगितले आणि मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, आपल्या घाटासाठी काय?” सहा जण पुढे आले, तीन मुलगे आणि तीन मुली.

आता यंत्र. एक डबा मुलाच्या खिशात, दुसरा आईच्या पिशवीत. मुलांनी त्यांना बाळपेटी आणि आईपेटी अशी नावे दिली, तीच मी वापरते. बाळपेटी दर दोन सेकंदांनी बिनतारी लहरींतून एक बारीकशी हाक मारते : मी आहे, मी आहे. आईपेटी ती ऐकत राहते. हाका पोहोचताहेत तोवर आईपेटी गप्प. मूल दूर गेले, हाक पोहोचेनाशी झाली, की आईपेटीचा भोंगा वाजतो.

हे ऐकायला सोपे आहे. पण मला ते समजायला एक आठवडा लागला. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात अदृश्य लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखविली होती. ती घंटा लहर पोहोचली म्हणून वाजली. आपल्या दाराची घंटा, दूरध्वनी, शाळेचा टोल, सारे काहीतरी आले म्हणून वाजते. येथे मात्र काही आले नाही म्हणून घंटा वाजायला हवी. जे आलेच नाही, ते यंत्राने ओळखायचे कसे?

उत्तर सापडले ते ५५५ क्रमांकाच्या आयसीत. हान्स कॅमेंझिंड यांनी १९७१ साली तिची रचना केली. आठ पायांची ही किडुकमिडुक वस्तू आजही कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काही रुपयांना मिळते. तिच्या जोडीला एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर लागतो. सरांनी मला समजावले ते असे : कपॅसिटर म्हणजे नळाखाली ठेवलेले भांडे आणि रेझिस्टर म्हणजे किती बारीक धार सोडायची ते ठरविणारी तोटी. भांडे दोन-तृतीयांश भरले की आयसीची स्थिती पालटते. परंतु बाळपेटीची प्रत्येक हाक पोहोचताच एक ट्रान्झिस्टर ते भांडे रिकामे करून टाकतो. हाका येत राहिल्या तर भांडे कधीच भरत नाही. हाका थांबल्या की ते भरते आणि भोंगा वाजतो.

पहिले यंत्र तयार झाले त्या दिवशी मला कौतुकाने प्रयोगशाळेत बोलाविले. बटण दाबताच भोंगा कर्कश वाजू लागला. बाळपेटी घेऊन एक मुलगा पटांगणाच्या टोकाला धावत गेला आणि भोंगा शांत झाला! मूल जवळ आहे तोवर आकांत, आणि हरवले की निवांत. वेळ मोजली जात असताना आयसीच्या त्या पायावर दाब असतो आणि वेळ संपल्यावर तो उतरतो. मुलांनी भोंगा उलट बाजूने जोडला होता. दोन तारांची अदलाबदल करून काम भागले. पण ते हसू आठवले की मला आजही वाटते, चुकलेला प्रयोग पाहायला मिळणे हेही शिक्षकाचे भाग्य आहे.

मुलांच्या घरातील माणसे या कामात ओढली गेली, हे मला विशेष सांगायचे आहे. एका मुलीचे आजोबा हाऊबागहून नैनपूर-गोंदियाकडे जाणाऱ्या छोट्या गाडीवर गार्ड होते. २०१५मध्ये ती नॅरो गेज बंद झाली. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या नागपूर-विदर्भाकडच्या आजोळच्या वाटा तिच्यावरून गेलेल्या आहेत. यंत्र पाहून आजोबा म्हणाले, “अगं, हा तर आमचा व्हॅक्यूम ब्रेक!” गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक नळी असते आणि इंजिन तिच्यातील हवा सतत ओढून घेते. नळी निर्वात आहे तोवर ब्रेक सुटलेले. मधेच डबे तुटले तर हवा आत शिरते आणि ब्रेक आपोआप लागतात, कोणी सांगावे लागत नाही. दुसरे एक पालक जबलपूरच्या सिग्नल ट्रेनिंग सेंटरमधून निवृत्त झालेले. त्यांनी आधी परवान्याची चौकशी केली. ४३३ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात अशा अल्प शक्तीच्या उपकरणांना भारतात परवाना लागत नाही, हे सरांनी पाहून ठेवले होते. मग ते म्हणाले, बिनतारी संदेशवहनात ठरल्या वेळी समोरून काही ऐकू आले नाही, तर ‘काही ऐकू आले नाही’ असे कळविणे हाही एक संदेशच असतो. रेल्वे, फौज आणि नववीचा वर्ग एकाच टेबलाभोवती बसलेला मी पाहिला. असे आपल्या जबलपुरातच घडू शकते.

त्यांच्याच एका प्रश्नाने यंत्रातील खरी उणीव उघडी पडली. बाळपेटीची बॅटरी संपली तर? भोंगा वाजेल, आई घाबरेल, पाहील, मूल शेजारीच असेल. चूक झाली, पण सुरक्षित बाजूला. आणि आईपेटीची बॅटरी संपली तर? मग काहीच वाजणार नाही आणि आई निश्चिंत राहील. मुलांनी आईपेटीवर एक हिरवा दिवा बसविला. प्रत्येक हाकेला तो लुकलुकतो. तो विझलेला दिसला तर यंत्रावर विसंबायचे नाही. हा उपाय अर्धाच आहे, कारण दिव्याकडे पाहायला आईला सवड हवी. मुलांनी आपल्या फलकावरही तसेच प्रामाणिकपणे लिहिले आहे, ते वाचा.

पुढचा प्रश्न अंतराचा. सारे जग रेंज वाढविण्याच्या मागे असते. आम्हांला ती कमी करायची होती. या लहरींची लांबी सुमारे ६९ सेंटीमीटर, म्हणून तिच्या चतुर्थांशाइतकी, १७ सेंटीमीटरची तार अँटेना म्हणून लावतात. ती लावली तर शाळेचे सारे पटांगण ओलांडूनही हाक ऐकू येई. घाटावर एवढ्या अंतरात मूल नावेत बसून पैलतीराच्या वाटेला लागायचे! मुलांनी पक्कड घेऊन तार थोडी थोडी छाटली, प्रत्येक वेळी पावलांनी अंतर मोजले आणि मोकळ्या मैदानात पंधरा-वीस पावलांवर आणून ठेवले. मग गर्दीत नेले, तर तेथे हिशेबच बदलला. माणसाच्या शरीरात पाणी पुष्कळ, आणि ते या लहरी शोषून घेते. आई आणि मूल यांच्यामध्ये चार माणसे उभी राहिली, किंवा मुलाने नुसती पाठ फिरविली, तरी काही हाका गळू लागल्या.

पहिल्या रचनेत कपॅसिटर ४.७ मायक्रोफॅरडचा होता. सुमारे पाच सेकंद हाक आली नाही की भोंगा. घाटावरील पहिल्या चाचणीत एका आईचा भोंगा अर्ध्या तासात सात वेळा वाजला आणि सातही वेळा मुलगा शेजारीच होता. आठव्यांदा वाजण्याआधी तिने पेटीच बंद करून पिशवीच्या तळाशी टाकली. मुले हिरमुसली. मला मात्र तो त्या वर्षातील सर्वांत चांगला धडा वाटला. खोटी ओरड करणारे यंत्र न ओरडणाऱ्या यंत्राहून वाईट, कारण ते माणसाला न ऐकण्याची सवय लावते. वर्गात दिवसभर रागावणाऱ्या शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको, आणि यात मी स्वतःलाही धरते. मुलांनी १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसविला. वेळ अकरा सेकंदांची झाली. अकरा सेकंदांत पाच वर्षांचे मूल चालत दहा-बारा मीटर जाते आणि धावत सुटले तर त्याच्या दुपटी-तिपटीने. थोडक्यात, आईची चिडचिड कमी करण्यासाठी मुलाला आणखी काही पावले दिली. ती किती द्यावीत, यावर सहा जणांत दोन दिवस वाद चालला. सूत्र वेळ सांगते. किती वेळ योग्य ते सांगत नाही.

येथवर सारे सरांचे आणि मुलांचे. यानंतरचे वळण मात्र अनपेक्षित दिशेने आले. सुरुवातीला सांगितलेली, पायरीवर बाटल्या राखत बसलेली ती चौथीतील मुलगी आज आपल्या शाळेची पालक आहे. तिचा मुलगा सहावीत आहे. प्रगतिपत्रक न्यायला ती आली असताना मी तिला प्रयोगशाळेत नेले आणि कौतुकाने म्हटले, “पाहा, त्या दिवशी हे असते तर तू हरवली नसतीस.” ती हसली आणि म्हणाली, “बाई, मी हरवलेच नव्हते. मी जिथे होते तिथेच होते. तुम्ही सगळे निघून गेलात.”

इतकी वर्षे मी ती गोष्ट माझ्या बाजूने सांगत आले होते. सहाही मुले ऐकत होती. थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. मग त्यांतील सर्वांत अबोल मुलगी म्हणाली, “म्हणजे भोंगा चुकीच्या पेटीत आहे.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेट्यांची अदलाबदल केली. हाका आईने मारायच्या, ऐकायच्या मुलाने. आईचे अंतर वाढले की भोंगा मुलाच्या खिशात वाजणार. याचे दोन लाभ पहिल्या तासातच ध्यानात आले. आपण रेंगाळलो आहोत, आई पुढे गेली आहे, हे मुलाला स्वतःला कळते. आणि बहुतेक मुले भोंगा वाजताच आपण होऊन मागे वळून धावत येतात, कारण त्यांना हरवायचे मुळीच नसते. दुसरे असे की भोंगा आता मूल असेल तेथूनच वाजतो, त्यामुळे आसपासच्या माणसांचे लक्ष त्याच्याकडे जाते. पूर्वीची आईपेटी मूल दूर गेल्याचे सांगे, कोठे आहे ते सांगत नसे. पण आरती सुरू झाली की त्या कर्ण्यांपुढे खिशातल्या भोंग्याचा आवाज कोणाला ऐकू येणार? आणि तीन वर्षांचे मूल तर घाबरून जाईल. म्हणून अखेर दोन्ही बाजूंना दोन्ही व्यवस्था केल्या : प्रत्येक पेटी हाक मारते आणि प्रत्येक पेटी ऐकते.

त्यातून नवी पंचाईत उद्भवली. एकाच पट्ट्यात दोघी एकदम बोलल्या तर कोणालाच काही ऐकू येत नाही, आणि स्वतः बोलत असताना दुसऱ्याचे ऐकता येत नाही. मुलांनी एकीचा मध्यांतर दोन सेकंदांचा ठेवला आणि दुसरीचा त्याहून किंचित अधिक. एखादी हाक टकरीत गेली तरी पुढची सुटते. शेजारच्या कुटुंबाची पेटी ऐकून आपली पेटी फसू नये, म्हणून प्रत्येक जोडीला सांकेतिक क्रमांक दिला आहे. त्या आयसीत असे २५६ क्रमांक बसतात.

अनेक पालकांनी मला विचारले की, आजकाल जागा दाखविणारी मनगटी घड्याळे मिळतात, मग हा खटाटोप कशाला? घ्या, अवश्य घ्या. मात्र सणाच्या गर्दीत मोबाइलचे जाळे कसे कोलमडते, ते तुम्ही घाटावर अनुभवले आहे. शिवाय तुमचे मूल तासातासाला कोठे होते, याची नोंद या पेटीत कोठेही राहत नाही. तिला फक्त इतकेच कळते की, दोघे एकमेकांच्या हाकेच्या अंतरात आहेत की नाहीत. नववी-दहावीच्या मुलांच्या पालकांनी मात्र ही पेटी मागू नये. तशा दोन मागण्या आल्या होत्या. पेटी करणाऱ्या सहा जणांनीच त्या एकमताने फेटाळल्या, आणि मी त्यात हस्तक्षेप केला नाही.

गेल्या नर्मदा जयंतीला पाच कुटुंबांनी पेट्या वापरल्या. चुकीचे भोंगे वाजलेच. खरा एकदाच वाजला. दिवे विकणाऱ्या बाईंच्या टोपलीपाशी एक चार वर्षांचा मुलगा उकिडवा बसून ज्योती पाहत राहिला होता, आणि आई दोण्याचे पैसे देऊन पुढे निघाली होती. तिची पेटी वाजली, मुलाचीही वाजली. कोण आधी वळले यावर मायलेकांचे अजून एकमत नाही.

पेट्यांच्या सहा जोड्या तयार आहेत. येत्या रथसप्तमीला ज्यांना घाटावर न्यायच्या असतील, त्यांनी प्रयोगशाळेतील वहीत नाव लिहून, सही करून आदल्या दिवशी न्याव्यात. बॅटऱ्या नव्या घालून द्यायची जबाबदारी नववीची, आणि हिरवा दिवा लुकलुकतो की नाही हे पाहून घेण्याची तुमची. परत करताना भोंगा किती वेळा खोटा वाजला, तेही वहीत लिहावे; मुलांना त्याच आकड्याची सर्वांत अधिक गरज आहे. बाहेर जाताना उजव्या हाताला दालन आहे. ज्वालामुखी पाहून झाला की तेथे थोडे थांबा. सहाही जण तेथेच उभे आहेत, मी आत येतानाच मोजले आहेत.